नकल गार्ड बसवायचे आहेत, पण बार-एंडचे बोल्ट निघत नाहीत

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून येताना बोटे इतकी बधिर होतात की क्लच नीट दाबला जात नाही, म्हणून मोटारसायकलला नकल गार्ड, म्हणजे हातांपुढे वारा-पाऊस अडवणाऱ्या ढाली, बसवायचे ठरवले आहे. गार्डचे आतले टोक क्लँपने हँडलबारवर आवळायचे असते आणि बाहेरचे टोक बार-एंडच्या जागी, म्हणजे हँडलच्या टोकाला असणारे वजन काढून तिथे, बसवायचे असते. सगळे घोडे तिथेच अडले आहे.

डाव्या बाजूच्या बोल्टची षट्कोनी खाच आतून पार गुळगुळीत झाली असून ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की तिच्यात नुसती फिरते. उजव्या बाजूची खाच शाबूत आहे, चावी पकडते, बोल्ट फिरतोही, परंतु कितीही फिरवला तरी बाहेर येत नाही. गाडी मी जुनी घेतली आहे, त्यामुळे आधी त्यावर कोणी काय केले हे कळायला मार्ग नाही. डब्ल्यूडी-४० फवारून रात्रभर ठेवले, फरक पडला नाही. गॅरेजवाला हँडल कापून नवीन टाकायचे म्हणतो, ते मला पटत नाही. पुढे काय करावे?

पानापेटी
सर्वप्रथम डाव्या बाजूला चावी घालणे पूर्ण थांबवा. घसरणारी चावी प्रत्येक वेळी थोडे लोखंड खरवडून काढते आणि तेवढी पुढच्या उपायासाठीची पकड कमी होते.

काही गोष्टी पाहून सांगा. बोल्टाचे डोके गोलसर आणि वर आलेले आहे, की शंकूसारखे आत बसलेले आहे? चुंबक चिकटतो का? डोक्याच्या कडेला निळसर किंवा लालसर सुकलेला थर दिसतो, की तांबूस गंज, की पांढरी भुकटी? तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत आणि कारण न ओळखता जोर लावला तर बोल्ट तुटून आत राहतो.

कातारी
पानापेटी यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. माझे आयुष्य लेथवर गेले आणि तुटलेले बोल्ट घेऊन येणारे लोक रोज पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोल्ट जाम होण्याची या ठिकाणी साधारण तीन कारणे असतात. पहिले, कारखान्यात लावलेले थ्रेडलॉक. बार-एंड कंपनामुळे सुटून पडू नये म्हणून तिथे ते बहुतेक वेळा लावलेले असतेच. हे द्रव्य आट्यांमध्ये सुकून कडक प्लास्टिकसारखे होते आणि त्यावर डब्ल्यूडी-४०, रॉकेल, डिझेल यांतले काहीही चालत नाही, कारण विरघळण्यासारखे तिथे काही नसते. त्यावर उपाय उष्णता हाच. लॉक्टाइट २४३ सारखे निळे, मध्यम ताकदीचे द्रव्य हातच्या पान्याने सुटावे अशीच अपेक्षा असते, पण बोल्ट लहान आणि खाच उथळ असेल तर खाच आधी हार मानते. २६३ किंवा २७१ सारखे लाल द्रव्य असेल तर सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि गरम असतानाच फिरवावे लागते. थंड झाले की ते पुन्हा धरते.

दुसरे कारण गंज. लोखंडापेक्षा त्याचा गंज जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाऊन बोल्ट आवळला जातो. इथे भेदक तेल उपयोगी पडते, मात्र त्याला आत झिरपायला वेळ द्यावा लागतो आणि मधूनमधून डोक्यावर पंचाने हलके ठोके द्यावे लागतात. तेलाला वाट मिळते ती त्या ठोक्यांनी पडलेल्या बारीक भेगांतून.

तिसरे कारण स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग यांची जोडी. त्याबद्दल किनारपट्टीवरचे सदस्य माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील.

आता गुळगुळीत झालेल्या खाचेविषयी. ४ मिलिमीटरच्या खाचेत टी-२५ किंवा टी-२७ क्रमांकाचा टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारखा, बिट ठोकून बसवावा. टी-२५ सैल वाटला तर टी-२७ घ्यावा. बिट हाताने सहज आत गेला तर त्याचा उपयोग नाही, हातोडीनेच जायला हवा, म्हणजे त्याच्या सहा धारा खाचेच्या भिंतीत स्वतःची जागा करतात. याच हिशेबाने ५ मिलिमीटरच्या खाचेला टी-३० आणि ६ मिलिमीटरच्या खाचेला टी-४० चालतो. ठोकताना हँडलचे दुसरे टोक कोणाकडून तरी लाकडाचा ठोकळा लावून दाबून धरून घ्यावे, नाहीतर ठोक्याची सगळी ताकद स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये जाते.

ठोकण्यापूर्वी उष्णता द्यावी. बार-एंडला लागूनच रबराची ग्रिप असल्यामुळे ब्लोटॉर्च वापरू नये. ६० वॉट किंवा त्याहून मोठी सोल्डरिंग आयर्न घ्यावी, तिचे टोक थेट त्या खाचेत टेकवून पाच ते दहा मिनिटे धरावे. उष्णता बोल्टातून सरळ आट्यांपर्यंत जाते आणि ग्रिपला फारसा त्रास होत नाही. द्रव्य मऊ झाले की किंचित धूर आणि जळका वास येतो, तेव्हा लगेच बिट घालून एकाच दमदार, सावकाश ओढीने फिरवावे.

सागरवेळ
मी मालवणचा आहे, त्यामुळे तिसऱ्या कारणाशी माझा नित्याचा संबंध आहे. समुद्राची खारी हवा आणि पावसाचे पाणी यांत स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले की विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी तयार होऊन आटे बुजतात. बाजारात मिळणाऱ्या नकल गार्ड, मोबाइल होल्डर आणि आरशांच्या एक्स्टेन्शनसोबत चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिलेले असतात, ते दिसायला छान असतात आणि दोन पावसाळ्यांत चिकटून बसतात.

इथे उष्णतेचा उपयोग वेगळ्या कारणाने होतो. एका अंशाला अ‍ॅल्युमिनियम दर मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन प्रसरण पावते आणि साधे पोलाद साधारण १२. म्हणजे ८ मिलिमीटरच्या भोकाभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम १०० अंशांनी तापले आणि आतला बोल्टही तेवढाच तापला, तर भोक बोल्टापेक्षा जेमतेम ०.०१ मिलिमीटरने जास्त मोठे होते. आकडा क्षुल्लक वाटेल, पण भुकटीची पकड सुटायला तेवढे पुरते. स्टेनलेस स्वतः पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने तिथे हा फरक आणखी कमी मिळतो, म्हणून अशा जोडीला तापवणे आणि गार करणे असे आलटून पालटून करावे लागते. आणि या प्रकारात बोल्ट नव्हे तर बोल्टाभोवतीचा भाग तापवायचा असतो, हा भेद महत्त्वाचा आहे. कातारी यांनी सांगितलेली सोल्डरिंग आयर्नची पद्धत थ्रेडलॉकसाठी उत्तम आहे, क्लँपसाठी मात्र हीट गन बरी.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे आभार. टॉर्चच्या उजेडात नीट पाहिले. डोके गोलसर, बटणासारखे आहे आणि चुंबक चिकटतो. वरवर तांबूस गंज आहे, पण टाचणीने कडेची धूळ खरवडली तेव्हा डोक्याखाली निळसर, खडूसारखा सुटणारा थर मिळाला. उजव्या बाजूला चावी फिरवताना ग्रिपच्या आतून काहीतरी घासल्यासारखा खरखरीत आवाज येतो आणि बार-एंडही बोल्टाबरोबर थोडा हलतो.

घाटमाथा
निळसर थर म्हणजे डाव्या बाजूला थ्रेडलॉक आहे हे नक्की झाले. उजव्या बाजूविषयी मी लिहितो, कारण तिथे बोल्ट जाम झालेलाच नाही.

बऱ्याच गाड्यांत हँडलच्या नळीच्या आत लोखंडाचे एक लांबट वजन सरकवलेले असते आणि त्याच्या टोकांना रबराच्या कड्या असतात. बार-एंडचा बोल्ट त्या वजनाच्या आट्यांत बसतो. वजन फिरू नये हे काम पूर्णपणे त्या रबराचे असते. रबर जुने होऊन टणक झाले किंवा आत तेल गेले की वजनच बोल्टाबरोबर गोल फिरू लागते. आपण ऐकलेला खरखरीत आवाज त्याचाच आहे. म्हणून उजव्या बाजूला आता तेल अजिबात फवारू नका, त्याने रबराची उरलीसुरली पकडही जाईल.

काही गाड्यांत हे वजन नळीच्या भोकात अडकणाऱ्या पत्र्याच्या क्लिपने धरलेले असते. ग्रिपची कड किंचित उलटवून नळीत तसे भोक दिसते का ते आधी पाहा. दिसले तर बारीक पंचाने क्लिप दाबून बार-एंडसकट सगळे वजनच बाहेर ओढता येते आणि पुढचे काम बाहेर, बाकावर करता येते.

क्लिप नसेल तर एका हाताने बार-एंड जोरात बाहेर ओढून धरत बोल्ट फिरवा. ओढल्यामुळे रबर नळीत दबते आणि वजन पकडले जाते. तेवढ्याने भागले नाही तर बॅटरीवरची इम्पॅक्ट गन कमी वेगावर लावा. इथे ती जोरासाठी वापरायची नसते. तिचे झटके इतके आखूड आणि जलद असतात की जड वजनाला फिरायला सवड मिळण्यापूर्वीच बोल्ट थोडा सुटलेला असतो. माझ्या अनुभवात हाताने अर्धा तास न निघालेला बोल्ट गनने क्षणात निघतो.

काही जण नळीला खालून भोक पाडून वजनात खिळा अडकवायला सांगतात. ते करू नये. त्या भोकातून पाणी आत जाते, आणि गाडी आडवी पडली तर नकल गार्डचा सगळा धक्का नळीच्या त्याच टोकावर येणार असतो.

दुचाकीवाली
धागा वाचते आहे आणि माझी अडचणही जवळची असल्यामुळे इथेच विचारते. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण मला बदलायचे आहे. त्याचे दोन चौफुली स्क्रू इतके घट्ट आहेत की पेचकस वर उचलला जातो आणि खाचेच्या कडा आता चमकू लागल्या आहेत. त्यांनाही टॉर्क्स चालेल का?

कातारी
ताई, तिथे टॉर्क्स ठोकू नका. तो स्क्रू लहान असतो, बहुधा ४ मिलिमीटरचा, त्याचे डोके शंकूसारखे झाकणात रुतलेले असते आणि खालची डबी अ‍ॅल्युमिनियमची असते. शंकूसारख्या डोक्याचे घर्षण सपाट डोक्यापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणूनच हे स्क्रू दिसायला चिमुकले आणि सुटायला हट्टी असतात.

पहिली शंका पेचकसाची घ्या. जपानी घडणीच्या भागांवरचे चौफुली स्क्रू बऱ्याचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात आणि डोक्यावर चौफुलीशेजारी एक छोटा ठिपका कोरलेला असतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा फिलिप्स पेचकस त्यात तळापर्यंत बसत नाही, कडांवर टेकतो, आणि जोर लावला की वर येतो. जेआयएस टोकाचा पेचकस घेतला तर निम्मे प्रश्न सुटतात. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत विचारून पाहा, ऑनलाइनही मिळतो.

तो मिळाल्यावर आधी टोक खाचेत बसवून वरून हातोडीचे काही नेमके, हलके ठोके द्या, मग पूर्ण अंगभार टाकून फिरवा. जोराचा मोठा वाटा खाली दाबण्यात जायला हवा आणि थोडाच फिरवण्यात. खाचेत व्हॉल्व्ह घासायची लॅपिंग पेस्ट किंचित लावली तर तिच्या कणांमुळे टोक घसरत नाही.

तरीही निघाला नाही तर डोके ड्रिलने उडवायचे. मात्र डबीचे झाकण बंद असतानाच हे काम पुरे करा, भोवती ओले फडके गुंडाळा आणि झाकण उचलण्यापूर्वी ब्रशने लोखंडाचा कीस काळजीपूर्वक झाडून टाका. डबीच्या तळाशी तेल परत येण्याचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. त्यात एक कण अडकला तर ब्रेक दाबल्यानंतर सुटत नाही. शंका आली तर तेल पूर्ण बदला. ब्रेकचे डॉट-४ तेल रंग खाते, टाकीवर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

पानापेटी
ड्रिलचा विषय निघाला आहे म्हणून वाशिष्ठीकाठ यांच्यासाठीही लिहून ठेवतो. उष्णता आणि टॉर्क्स दोन्ही थकले तर बटण डोके उडवणे हा पुढचा सुरक्षित टप्पा आहे. खाच मध्यभागी आहे, त्यामुळे सेंटर पंच न मारताही ड्रिल आपोआप मध्यावर राहते. ६ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर ६ मिलिमीटरचाच बिट कमी वेगाने, तेल टाकत चालवा. डोक्याची जाडी संपली की डोके कडीसारखे सुटून बिटवर फिरू लागते, तिथे थांबा. डोके गेले की बोल्टावरचा ताण जातो, बार-एंड मोकळे होते आणि उरलेला दांडा लॉकिंग प्लायरने धरता येतो.

ईझी-आउट, म्हणजे बोल्टात भोक पाडून त्यात उलटा पिळून बोल्ट बाहेर काढायचे हत्यार, मात्र शेवटी, आणि तोही जरा धास्तीनेच वापरा. तो अतिशय कठीण आणि म्हणून ठिसूळ पोलादाचा असतो. ६ मिलिमीटरच्या बोल्टात त्याच्यासाठी भोक जेमतेम ३ मिलिमीटरचे पाडता येते, त्यात बसणारा ईझी-आउट काडीएवढा असतो, आणि तो आत तुटला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही. मग भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत स्पार्क इरोजनवाल्याकडे, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून काढणाऱ्याकडे, जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यापेक्षा उलटा फिरणारा, म्हणजे डाव्या आट्यांचा ड्रिल बिट घ्यावा. भोक पाडता पाडताच तो बोल्टाला सुटण्याच्या दिशेने ओढतो आणि कित्येकदा बोल्ट त्याच्याबरोबर बाहेर येतो.

दुचाकीवाली
कातारीदादा, मनापासून आभार. जेआयएस पेचकस मागवला आहे. आणखी एक विचारते. मोबाइल होल्डर आरशाच्या दांड्यात बसवायचा आहे आणि उजवा आरसा सुटत नाही. माझी गाडी यामाहाची आहे.

घाटमाथा
थांबा, तो जाम झालेला नसून आपण तो घट्ट करत असण्याची दाट शक्यता आहे. यामाहाच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. समोरून फटका बसला तर आरसा मोडण्याऐवजी फिरून सैल व्हावा, असा त्यामागे विचार आहे. होल्डर घेतानाही उजव्या बाजूसाठी उलट्या आट्यांचा अ‍ॅडॉप्टर मागा, सरळ आट्यांचा बोल्ट बळेच पिळला तर लीव्हरच्या ब्रॅकेटमधले आटे जातील.

वाशिष्ठीकाठ
दोन्ही बाजू सुटल्या. आधी उजवीकडे नळीत क्लिपचे भोक नसल्याची खात्री केली, मग मित्राने बार-एंड ओढून धरले आणि शेजारच्या फर्निचरवाल्याकडून आणलेली इम्पॅक्ट गन लावली. बोल्ट लगेच निघाला.

डावीकडे कातारी यांनी सांगितल्याप्रमाणे सोल्डरिंग आयर्न खाचेत धरली. सुरुवातीला काहीच होत नव्हते, मग डोक्याच्या कडेने धुराची बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. टी-२५ सैल बसत होता म्हणून टी-२७ ठोकला. पहिली ओढ लागताच कडक् असा आवाज झाला तेव्हा बोल्ट तुटला असेच वाटले, पण तो सुटला होता. आट्यांवर निळा थर शेवटपर्यंत होता, आणि गंज फक्त डोक्यावर. म्हणजे रात्रभर फवारलेले तेल कुठेच पोहोचणार नव्हते.

आता नकल गार्डसोबत आलेले बोल्ट स्टेनलेसचे आहेत. तेच लावू का? आणि पुन्हा थ्रेडलॉक लावावे की ग्रीस?

सागरवेळ
अभिनंदन! आतले वजन लोखंडाचे असल्याने बार-एंडच्या जागी ८.८ प्रतीचा, जस्ताचा मुलामा दिलेला साधा बोल्ट घ्या. बटण डोक्याऐवजी उंच, गोल डोक्याचा अ‍ॅलन बोल्ट बसत असेल तर तोच घ्या, कारण त्याच ६ मिलिमीटरच्या बोल्टाला तिथे ५ मिलिमीटरची खोल खाच मिळते आणि पुढच्या वेळी चावी घसरत नाही. त्याला निळे थ्रेडलॉक एकच थेंब, आटे आधी कोरडे पुसून. आतल्या बाजूचा क्लँप अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तिथल्या बोल्टांना अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारा लेप, लावा, ते नसेल तर ग्रीस. थ्रेडलॉक आणि ग्रीस दोन्ही एकाच बोल्टाला लावू नका.

कातारी
किती आवळायचे तेही सांगतो. ६ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण २० ते २५, पण गाडीच्या पुस्तिकेत किंवा गार्डच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच जोरात जास्त ताणला जातो, म्हणून तिथे आकडा थोडा कमी धरा. गार्डसाठी हँडलचे मधले क्लँप सैल केले असतील तर वरच्या तुकड्यावरची बाणाची किंवा ठिपक्याची खूण पुढच्या बाजूला येते हे पाहा. पुष्कळ गाड्यांत पुढचे दोन बोल्ट आधी पूर्ण आवळून फट मागे ठेवायची असते. ते उलट केले की मागचे आटे ताणले जातात आणि मग ८ मिलिमीटरच्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घेण्याची वेळ येते.

घाटमाथा
गाडी बाहेर काढण्यापूर्वी उजवी बाजू एकदा तपासा. गार्डचे टोक किंवा नवीन वॉशर थ्रॉटलच्या ग्रिपला टेकत नाही ना, दोघांत एक ते दोन मिलिमीटरची फट आहे ना, हे पाहा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून प्रत्येक ठिकाणी थ्रॉटल पिळून सोडा. ते स्वतःहून टचकन मागे आले पाहिजे. तसे आले नाही तर बार-एंड काढून पातळ वॉशरची भर घाला आणि ग्रिप मोकळी झाल्याशिवाय गाडी सुरू करू नका. ब्रेकची नळी आणि क्लचची केबल गार्डच्या पट्टीत दबते का तेही त्याच वेळी पाहून घ्या.

वाशिष्ठीकाठ
तपासले. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर थ्रॉटल किंचित आळसावत होते, ग्रिपची रबरी कड गार्डला घासत होती. एक वॉशर घातल्यावर ते तिन्ही स्थितींत नीट मागे येते आहे. केबल पट्टीच्या मागून घेतली आहे.